श्रद्धेसह आणि श्रद्धेविना : पावित्र्य आणि दुरित या संकल्पनांचा अर्थविचार

सारांश

'पवित्र' आणि 'पाप' हे शब्द धर्माच्या परिभाषेतून आले असले तरी ईश्वराचे अस्तित्व न मानणारी माणसेही त्यांचा आशय नाकारत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांना श्रद्धेच्या चौकटीत आणि त्या चौकटीबाहेर कोणता अर्थ प्राप्त होतो याचा विचार केला आहे. पावित्र्याचे दोन प्रकार संभवतात. स्पर्शाने बाधणारे पावित्र्य हा पहिला आणि माणसाच्या अवमानाने बाधणारे पावित्र्य हा दुसरा. या दोहोंतील सीमारेषा आस्तिक आणि नास्तिक यांच्यामधून जात नाही, तर दोन्ही गटांच्या आतून जाते, असे प्रतिपादन येथे महाराष्ट्रातील काही घटना आणि पाश्चात्त्य व भारतीय विचारवंतांच्या भूमिका यांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : पावित्र्य, दुरित, पाप, विटाळ, प्रतिष्ठा, निरीश्वर नीती

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात नीतिशास्त्र शिकविताना एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी विचारला जातो : "सर, देवच नसेल तर खून करणे वाईट का?" या प्रश्नापाठोपाठ वर्गाचे दोन तट पडतात. देवाशिवाय नीती टिकणार नाही असे एका तटाचे म्हणणे असते, तर पवित्र आणि अपवित्र या कल्पना म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा होत, असे दुसऱ्या तटाचे. दोन्ही तटांचे एक गृहीत मात्र समान असते. पावित्र्य ही केवळ धर्माची मालमत्ता आहे असे दोघेही मानतात. एक तट ती जपू पाहतो, दुसरा टाकून देऊ पाहतो.

वस्तुतः हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटीस असे विचारतो की, देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते मुळात पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिला पर्याय स्वीकारला तर देवाची मर्जी बदलताच क्रौर्यही पवित्र ठरू शकेल. दुसरा स्वीकारला तर पावित्र्याला देवाच्या आवडीहून निराळा आधार आहे हे मान्य करावे लागते. या पेचाचे उत्तर श्रद्धावानालाही शोधावे लागते आणि अश्रद्धालाही. म्हणून 'देव आहे की नाही' या वादात न शिरता 'आपण कशाला पवित्र म्हणतो आणि कशाला दुरित' या प्रश्नाकडे वळणे उपयुक्त ठरेल.

शब्दांचा मागोवा

'पवित्र' हा शब्द संस्कृतातील 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून बनला आहे. मूळ अर्थ 'शुद्ध करण्याचे साधन' असा आहे. वैदिक विधीत सोमरस गाळण्याच्या गाळणीला 'पवित्र' म्हटले जाई. धार्मिक कर्मात बोटात घातली जाणारी दर्भाची अंगठीही याच नावाने ओळखली जाते. गाळणी निवडते आणि वेगळे करते. निवडून वेगळे ठेवणे हा अर्थ या शब्दाला तेव्हापासून चिकटलेला आहे. हिब्रू भाषेतील 'कादोश' या शब्दातही वेगळे राखलेले असा भाव आहे. लॅटिनमधील 'साकेर' हा शब्द तर देवाला वाहिलेले आणि शापित अशा दोन्ही अर्थांनी वापरला जाई.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात पवित्र आणि लौकिक या विभागणीला धर्माचे मूळ लक्षण मानले आणि पवित्र वस्तूंभोवती निषेधांचे कुंपण असते असे दाखवून दिले. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते पावित्र्याचा गाभा नीतीच्याही आधीचा असून भय आणि आकर्षण एकाच वेळी जागविणाऱ्या अनुभवात तो सापडतो. दुर्खीम यांनी पावित्र्य समाजात पाहिले, तर ओटो यांनी व्यक्तीच्या अंतःकरणात. पावित्र्य म्हणजे केवळ चांगुलपणा नव्हे, याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे. चांगली वस्तू आपण पसंत करतो. पवित्र वस्तूचे उल्लंघन करण्यास आपण कचरतो.

दुसऱ्या संकल्पनेसाठी मराठीत एकच एक शब्द नाही. पाप, दुष्टता, अनिष्ट, अमंगळ अशा अनेक शब्दांत तिचा अर्थ विभागला गेला आहे. पाप म्हणताना ईश्वर किंवा कर्मफल अभिप्रेत असते. दुष्टता कर्त्याच्या स्वभावाकडे निर्देश करते, तर अनिष्ट हा शब्द परिणामाकडे. या सर्वांना सामावून घेणारा शब्द म्हणून येथे 'दुरित' हा शब्द योजला आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) शेवटी येणाऱ्या पसायदानामुळे तो मराठी मनाला परिचित आहे. त्या प्रार्थनेत दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा गळून पडावा एवढेच मागणे आहे. दुरित आणि दुरित करणारा माणूस यांत केलेला हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

स्पर्शाने बाधणारे पावित्र्य

पावित्र्याचा पहिला प्रकार समजून घेण्यासाठी महाडचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात मात्र ते खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि पुढे सनातन्यांनी पंचगव्याचा वापर करून तळ्याच्या 'शुद्धी'चा विधी केला. ज्या तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले असे मानले गेले. हा वाद न्यायालयात दीर्घकाळ चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

या घटनेत पावित्र्य वस्तूला चिकटलेले आहे आणि ते माणसापासून वाचवावे लागते. दुरित येथे कृत्यात नसून स्पर्शात आहे. पाणी पिणाऱ्याचा हेतू, चारित्र्य किंवा तहान यांना या व्यवस्थेत काहीही स्थान नाही. उलट, निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालविणाऱ्याला आपल्या हातून काही पाप घडले असे वाटण्याचेही कारण उरत नाही. विटाळाची भाषा क्रौर्य झाकून टाकते, हा या प्रकारच्या पावित्र्याचा सर्वांत गंभीर परिणाम होय.

हा दोष केवळ श्रद्धेचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. विसाव्या शतकात वंशशुद्धीची भाषा शास्त्राच्या नावानेही बोलली गेली. विटाळाची कल्पना देवाशिवायही जगू शकते, हे नाझी जर्मनीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

श्रद्धेच्या आतून आलेले उत्तर

विटाळाच्या या कल्पनेला पहिले आव्हान श्रद्धावानांनीच दिले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. चोखामेळा आणि सोयराबाई हे दांपत्य विठ्ठलाचे परमभक्त होते, परंतु मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. सोयराबाईंनी आपल्या अभंगातून असा युक्तिवाद केला की, विटाळ हा देहाबरोबरच जन्मतो, मग विटाळावाचून उत्पन्न झालेला देह दाखवावा कोठे? हा युक्तिवाद देव नाकारत नाही. देवाच्या नावाने आखलेली रेषा तेवढी तो नाकारतो.

संत तुकारामांनी पुण्याची सांगड परोपकाराशी आणि पापाची सांगड परपीडेशी घातली. या व्याख्येत देवाचा उल्लेख करावा लागत नाही, ही लक्षणीय बाब आहे. ज्याची संपूर्ण वाणी विठ्ठलमय आहे अशा कवीने पापपुण्याची कसोटी दुसऱ्या माणसाच्या दुःखाशी नेऊन जोडली. निरीश्वरवाद्यालाही ही कसोटी अमान्य करण्याचे कारण नाही.

याच परंपरेत साने गुरुजींचे पंढरपूर येथील उपोषण येते. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी त्यांनी राज्यभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावर संपले. आपल्याच बांधवाला दाराबाहेर ठेवल्याने मंदिराचे पावित्र्य भंगते, असे गुरुजींचे मानणे होते. सनातनी आणि गुरुजी या दोघांचीही विठ्ठलावर श्रद्धा होती आणि दोघांनाही मंदिर पवित्रच वाटत होते. तरीही मंदिर कशाने बाटते याविषयी दोघांची उत्तरे परस्परांच्या अगदी उलट होती. श्रद्धा समान असूनही पावित्र्याचा अर्थ भिन्न असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

श्रद्धेविना पावित्र्य

ईश्वराचा आधार बाजूला ठेवून पावित्र्याचा विचार करता येतो का? जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट स्वतः श्रद्धावान होते, परंतु नीतीचा पाया त्यांनी ईश्वराच्या आज्ञेवर न ठेवता माणसाच्या विवेकशक्तीवर ठेवला. १७८५ च्या ग्रंथात त्यांनी किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या बदल्यात दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याचा बदलाच होऊ शकत नाही त्याला प्रतिष्ठा असते आणि अशी प्रतिष्ठा व्यक्तीला असते. १७८८ च्या ग्रंथात ते आणखी पुढे जातात. प्रत्यक्ष माणूस पुरेसा अपवित्र असला तरी त्याच्या ठायी असलेली मानवता आपल्याला पवित्रच असली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

दुर्खीम हे रब्बींच्या घराण्यात जन्मलेले, पण स्वतः अश्रद्ध होते. ड्रायफस प्रकरणाने फ्रान्स ढवळून निघाला असताना १८९८ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी आधुनिक समाजात व्यक्ती हीच पवित्र वस्तू बनली आहे असे मत मांडले. या नव्या धर्मात माणूस एकाच वेळी भक्तही असतो आणि दैवतही. म्हणूनच एका निरपराध अधिकाऱ्यावरील अन्याय हा त्यांना साऱ्या समाजाच्या श्रद्धेचा भंग वाटला.

भारतीय संदर्भात या विचाराची सर्वांत ठाम मांडणी डॉ. आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात आढळते. धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली आहे असे सांगून ते तेथेच थांबत नाहीत. नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. यामागील कारण महत्त्वाचे आहे. नीती चोरांच्या टोळीतही असते आणि जातीतही असते. परंतु ती फक्त आपल्या गटातील सदस्यांपुरती असते. गटाचे हित जपणारी अशी नीती गटाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला येत नाही. दुर्बलाचे रक्षण व्हावयाचे असेल तर काही मर्यादा अशा हव्यात की ज्या सोयीनुसार ओलांडता येणार नाहीत. नीतीला पावित्र्य हवे ते यासाठी.

तळ्याच्या पावित्र्याची कल्पना मोडून काढणाऱ्या विचारवंताने तीस वर्षांच्या चिंतनानंतर पावित्र्य हा शब्द टाकून दिला नाही. त्याने तो पाण्यावरून काढून माणसांच्या परस्परसंबंधांवर आणून ठेवला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महाड ते धम्म हा प्रवास म्हणजे पावित्र्याच्या स्थलांतराचा प्रवास होय.

दुरिताचा प्रश्न

पावित्र्याकडून दुरिताकडे वळले की श्रद्धावानापुढे पहिली अडचण उभी राहते ती निसर्गाची. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तो सर्व संतांच्या स्मरणाचा सण होता आणि चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गर्दी होती. जग हे सर्व संभाव्य जगांमध्ये उत्तम आहे या लायब्निझ यांच्या १७१० च्या सिद्धान्ताची व्हॉल्तेअर यांनी १७५९ मध्ये 'कांदीद' या कादंबरीत जी टर उडविली, तिच्यामागे ही घटना होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंपही अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून माणसे झोपी गेल्यानंतर झाला. भक्तीच्या दिवशीच असे का घडावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे फळ असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ टागोर यांनी या विधानाला जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या उत्तरासह फेब्रुवारी १९३४ मध्ये 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध केला. अस्पृश्यता हे दुरित आहे याविषयी दोघांत मतभेद नव्हता. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, त्यांत नैतिक शिक्षा पाहणे अविवेकाला बळ देणारे आहे, असे टागोरांचे म्हणणे होते. टागोरही ईश्वरनिष्ठच होते. तेव्हा हा वादही श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा नव्हता.

अश्रद्ध माणसाला भूकंपाचे समर्थन करावे लागत नाही. परंतु त्यामुळे त्याची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. किल्लारी परिसरात मनुष्यहानी एवढी मोठी झाली याचे एक प्रमुख कारण म्हणजे मातीच्या सांध्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड धाबे असलेली घरे. जमिनीचे हादरणे हे कोणाचे पाप नव्हे. मात्र त्यानंतरही घरे तशीच बांधू देणे हे दुरितच ठरेल. दैवाकडे बोट दाखविण्याची सोय नसली की कर्तव्याचा परीघ विस्तारतो.

मानवनिर्मित दुरिताविषयी कांट यांनी १७९३ मध्ये असे मांडले की, दुरिताचे मूळ वासनांमध्ये नसून नैतिक नियमाला स्वार्थाच्या खालचे स्थान देण्याच्या निवडीत आहे. हॅना अरेंट यांनी १९६१ मध्ये जेरुसलेम येथे चाललेल्या आइकमन याच्या खटल्याचे वार्तांकन केले आणि १९६३ च्या आपल्या ग्रंथात 'दुष्टतेची सामान्यता' हा शब्दप्रयोग रूढ केला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी त्यांना राक्षस वाटला नाही. पदोन्नतीची चिंता करणारा, साचेबंद भाषेत बोलणारा आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार न करणारा असा तो वाटला. आइकमनविषयीचे त्यांचे मूल्यमापन पुढील संशोधकांनी बरेचसे नाकारले आहे, कारण त्याचा ज्यूद्वेष तीव्र असल्याचे पुरावे पुढे आले. तथापि विचार करण्याचे थांबविणे हाही दुरिताचा एक मार्ग आहे, हे अरेंट यांचे निरीक्षण आजही मोलाचे आहे. सैतानाची कल्पना नसली तरी दुरिताचे गांभीर्य कमी होत नाही, हेही त्यातून सिद्ध होते.

समान भूमी : संविधान आणि कायदा

श्रद्धावान आणि अश्रद्ध यांनी एकत्र नांदावयाचे तर पावित्र्य आणि दुरित यांची निदान काही समान भाषा आवश्यक ठरते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी दुरुस्ती मांडली. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होऊ नये या भूमिकेतून हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सदस्यांनी तिला विरोध केला. मतदानात ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती फेटाळली गेली. तिसऱ्या अनुसूचीत मात्र पदग्रहणाच्या वेळी ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन पर्याय ठेवण्यात आले. दोन्ही पर्यायांनी स्वीकारलेले कर्तव्य एकच आहे. त्या कर्तव्याला साक्षी कोणाला ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. उद्देशिकेतील 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आणि अनुच्छेद १७ मधील अस्पृश्यतेचे उच्चाटन यांत पावित्र्याची दुसरी संकल्पना कायद्याचे रूप घेते.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केलेला जादूटोणाविरोधी कायदाही याच दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. या कायद्याच्या नावात 'अमानुष', 'अनिष्ट' आणि 'अघोरी' असे शब्द आहेत. ही दुरिताचीच परिभाषा आहे, पण तिची कसोटी ऐहिक आहे. कायदा देव किंवा धर्म यांची व्याख्या करीत नाही. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन यांना तो हात लावत नाही. श्रद्धेच्या नावाखाली माणसाचा छळ, फसवणूक किंवा बळी घेणे यांना तो गुन्हा ठरवितो. पापाची व्याख्या परपीडा अशी करणाऱ्या संतपरंपरेशी ही कसोटी विसंगत नाही.

दोन्ही बाजूंसमोरील अडचणी

वरील विवेचनाचा अर्थ श्रद्धा असणे आणि नसणे सारखेच आहे असा नव्हे. श्रद्धावानाच्या दृष्टीने पाप ही ईश्वराशी असलेल्या नात्यातील फारकत आहे, म्हणून त्याला प्रायश्चित्ताचा आणि क्षमेचा मार्ग उपलब्ध असतो. त्याचबरोबर ईश्वराची क्षमा मिळाली की पीडिताची क्षमा मागण्याचे कारण उरत नाही, असा समज होण्याचा धोकाही तेथे असतो. अश्रद्धासमोर ही पळवाट नाही. मात्र मृत व्यक्तीवर झालेल्या अन्यायाची भरपाई कोण करणार, या प्रश्नावर त्याच्याजवळ सांत्वनपर उत्तरही नाही. व्यक्तीची प्रतिष्ठा अलंघ्य का मानावी, या प्रश्नाचे अंतिम उत्तर तो विवेक, सहानुभूती आणि इतिहासाचा अनुभव यांतून देतो. ते उत्तर आज्ञेइतके निर्णायक वाटत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु युथिफ्रोच्या पेचातून आज्ञेचीही सुटका होत नाही.

निष्कर्ष

१. पावित्र्य म्हणजे केवळ चांगुलपणा नव्हे. सोयीसाठी ओलांडता येणार नाही अशी मर्यादा असा तिचा अर्थ आहे आणि तो ईश्वर मानणाऱ्या व न मानणाऱ्या दोघांनाही आवश्यक आहे.

२. वस्तूला माणसापासून वाचविणारे आणि माणसाला अवमानापासून वाचविणारे असे पावित्र्याचे दोन प्रकार आहेत. दोन्ही प्रकारांचे समर्थक आस्तिकांतही आढळतात आणि नास्तिकांतही.

३. दुरिताची विश्वसनीय खूण म्हणजे दुसऱ्याला होणारी पीडा आणि तिच्याकडे पाहण्याचे थांबविणारी विचारशून्यता. ही खूण ओळखण्यासाठी श्रद्धेची अट नाही, तसेच श्रद्धेचा अडसरही नाही.

वर्गातील त्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. देव नसेल तर खून वाईट का, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रतिप्रश्न विचारता येईल : ज्याचा खून झाला त्याच्याकडे पाहिल्यावर तुला देवाचे मत विचारण्याची गरज वाटते का? श्रद्धावान विद्यार्थी त्या मृत माणसात ईश्वराचा अंश पाहील, अश्रद्ध विद्यार्थी पुन्हा कधीही न घडणारे एक आयुष्य पाहील. दोघांचेही त्या माणसाकडे लक्ष जावे, एवढे काम तरी नीतिशास्त्राच्या शिक्षकाने करावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.